मागून येणारी रेघ

ज्या वर्षी पांढरकवड्याच्या हायवेला रेडियमची अक्षरं कापून देणारं पहिलं दुकान उघडलं, त्या वर्षापासून बाबांचे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभेच राहायला लागले. आधी आठवड्यातले दोन दिवस, मग चार, मग सबंध महिना. बाबा ट्रक रंगवायचे. कोऱ्या बॉडीवर कमळं, घोडे, डोंगरामागचा सूर्य, आणि मागच्या फळ्यावर, ज्याला ट्रकवाले डाला म्हणतात, त्यावर मोर. रेडियमवाला तेच काम अर्ध्या दिवसात चिकटवून द्यायचा. ट्रकवाल्याला थांबायला वेळ नसतो. त्याचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

आम्ही गॅरेजच्या ओळीमागे एका खोलीत राहायचो. आई ढाब्यावर पोळ्या लाटायला जायची आणि संध्याकाळी उरलेल्या पोळ्या पदरात बांधून आणायची. सहावीपासून दहावीपर्यंत माझं एकच दप्तर होतं. ते फाटलं की बाबा भोकावर कापडाचा तुकडा चिकटवून त्यावर ऑइलपेंटनं कमळ काढायचे. दहावीत गेले तेव्हा दप्तरावर सात कमळं होती. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तुयं दप्तर म्हणजे ट्रकच हाय वं." मी म्हणायची, "मंग हॉर्न देत जा मागून."

मला मात्र त्या दिवसांतलं वेगळंच आठवतं. दुपारी गॅरेजमधले लोक ट्रकच्या सावलीत पडलेले असायचे. जिनिंगच्या कारखान्याकडून कापसाचा एखादा पुंजका उडत उडत यायचा आणि गरम हवेत तसाच लटकून राहायचा. मी बाजेवर पडून हायवे पाहायची. हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांची मागची बाजू तेवढी दिसायची, आणि त्यात मधूनच बाबांचा मोर जायचा. तो लगेच ओळखू यायचा, कारण बाबांचा मोर मान वळवून मागे पाहायचा. बाकी पेंटरांचे मोर समोर किंवा बाजूला पाहायचे.

"बाबा, तुमचा मोर मागं काहून पाह्यते?"

"मागच्या गाडीवाल्याले वाटलं पाह्यजे, मलेच पाहून राह्यला. मंग थो झोपत नाही."

मोर लहान लहान होत जायचा, उन्हात वितळायचा, पण मान माझ्याकडेच असायची. मला वाटायचं, जे जे गाव मी पाहिलेलं नाही तिथे बाबांनी काढलेला एक डोळा आधीच जाऊन पोचलाय. त्या डोळ्याला मी अजून दिसत असेन.

मग बाबांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग ब्रशच्या टोकाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या. थरथर कमी झाली, गेली नाही. रुंद ब्रशनं पाट्या रंगवणं जमायचं, बारीक रेघ जमेना. ज्या माणसानं सबंध आयुष्य रेघ ओढली, तो गॅरेजमध्ये नटबोल्ट निवडायला बसू लागला.  टर्पेंटाइनच्या डब्याला आई तरीही रोज फडकं मारायची.

मी यवतमाळला बीएस्सी केलं, संगणकशास्त्रात. आई-बाबांच्या दोन्ही घराण्यांत मिळून कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मोठ्यानं सांगते, कारण ते हळू सांगायसारखं नाही. परत येऊन गावातल्याच एका खाजगी संगणक वर्गात शिकवायला लागले. सकाळी दोन बॅच, संध्याकाळी एक. मधली दुपार माझी.

वर्गाच्या माळ्यावर एक जुना कम्प्युटर पडला होता. कधीकाळी फोटो स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ कापायला वापरलेला. वर्गाचे मालक म्हणाले, "घेऊन जा, जागा अडवून बसला हाय." मी तो रिक्षात घालून घरी आणला. झाकण काढलं तर आत मोठं ग्राफिक्स कार्ड. वर पंखा, पंख्यावर बोटभर धूळ, आणि खाली खाचेत बसणारी सोनेरी दात्यांची पट्टी. पडद्यावर जे जे दिसतं ते भराभर रंगवून देणं एवढंच या कार्डाचं काम. बाबांना मी तसंच सांगितलं.

"म्हंजे हा पेंटर हाय," बाबा म्हणाले.

"व्हय. आतला पेंटर."

"यालेबी काम नाही वाटते."

खरं तर नव्हतंच. त्या मशीनवर नवीन विंडोज चढत नव्हतं, म्हणून मी लिनक्स टाकलं, अगदी ताजं. कॉलेजातली एक मैत्रीण पुण्याला नोकरीला जाताना चित्र काढायची पाटी माझ्याकडे ठेवून गेली होती. पाटीवर पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटते. आणि लिनक्सवर चित्र काढायचा जो फुकट प्रोग्रॅम होता, त्यात एक सोय होती. हात थरथरला तरी ती थरथर गाळून रेघ सरळ काढायची. त्या सोयीबद्दल मी त्या दुपारी तीनदा वाचलं. बाहेर ट्रक जात होते आणि टेबल हळूहळू थरथरत होतं.

लिनक्ससोबत त्या कार्डासाठी एक ड्रायव्हर येतो. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम. हा ड्रायव्हर लोकांनी मिळून, कंपनीच्या मदतीशिवाय लिहिलेला. माझ्या कार्डावर तो पाच-सात मिनिटं चालायचा आणि मग पडदा जागच्या जागी गोठायचा. म्हणून मी कार्डाला बाजूला ठेवून साध्या मोडमध्ये मशीन सुरू केलं. चाललं. पण सगळी रंगवारंगवी आता एकट्या प्रोसेसरवर आली होती.

बाबांना बसवलं. त्यांनी पेन ब्रशसारखं धरलं, मागून, लांब. मोराच्या मानेची रेघ ओढली. पेन पाटीच्या टोकाला पोचलं तरी पडद्यावरची रेघ अर्ध्यावरच होती. ती सावकाश सरपटत मागून आली. बाबांनी पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मधेच ते थांबले, हात थरथरला, रेघ अजून येतच होती, कुठे जायचं ते न कळल्यासारखी.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रेघ मागून येते. मी कोनाच्या भरवशावर हात फिरवू?"

एवढंच म्हणाले आणि नटबोल्ट निवडायला गेले.

त्याच महिन्यात राजूरकडून एक म्हातारे ट्रकमालक आले. कोळशाची वाहतूक करणारे, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची जुनी गाडी भंगारात चालली होती. नवीन चेसिस आणली होती, आमच्याच गावात बॉडी बांधायला टाकली होती.

"पेंटर, डाला कोरा ठेवाले सांगतलं. थोच मोर पाह्यजे."

बाबांनी हात पुढे केला. बोटं आपोआप हलत होती. "हे पाह्य."

म्हातारे हाताकडे पाहत राहिले. "मंग मी काय करू गा? वणीपासून हैदराबादपर्यंत लोक मले माह्या नावानं नाही ओळखत, मोरानं ओळखते. ढाब्यावर म्हणते, मुंडी वळवलेला आला."

"रेडियमवाल्याले सांग."

"थो म्हणते समोर पाह्यणारा हाय, मागं पाह्यणारा नाही."

मी दारात उभी होते. मी म्हटलं, "काका, बॉडी व्हायले किती दिवस?"

"दिवाळीनंतर निघन."

"बाबाच काढतीन मोर. कम्प्युटरवर. मंग थो डाल्यावर घेऊ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. पण त्या नजरेनं मला कळलं की आता हे जमलं नाही तर ते पुन्हा कधी पेन हातात धरणार नाहीत. म्हातारे म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो. नाही जमलं तं समोर पाह्यणारा लावून घेईन, काय करता." आणि गेले.

त्या दिवसापासून माझी प्रत्येक दुपार त्या कार्डाची झाली.

दुसरा रस्ता होता कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरचा. पण असं जुनं कार्ड कंपनीनं कधीच मागे सोडलेलं असतं. त्याच्यासाठीचा शेवटचा ड्रायव्हर ज्या लिनक्ससाठी लिहिला गेला, ते लिनक्स तेव्हाचं. त्यानंतर लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, दर काही आठवड्यांनी बदलत पुढे गेला. ड्रायव्हर तिथेच उभा राहिला, बंद पडलेल्या नाक्यासारखा. जुनं लिनक्स टाकलं असतं तर कार्ड चाललं असतं, पण थरथर गाळणारा नवा प्रोग्रॅम त्यावर चालला नसता. मला दोन्ही पाहिजे होतं. जुनं कार्डही आणि नवं लिनक्सही.

ड्रायव्हर कर्नलला जोडायचा म्हणजे आपल्याच मशीनवर तो बांधून घ्यावा लागतो. मी आज्ञा द्यायची, आणि काळ्या पडद्यावर ओळी वर सरकू लागायच्या. शंभर, दोनशे, न संपणाऱ्या. मी हनुवटी हातावर टेकून पाहत बसायची. लहानपणी बाजेवरून गाड्या पाहायची तसंच. या ओळी कुठून येतात, कुठे जातात, त्यांच्या पाठीवर काय काढलंय. मधेच डोळे जड व्हायचे, आणि वाटायचं एखादी ओळ मान वळवून माझ्याकडे पाहील. मग एकदम सगळं थांबायचं आणि खाली लाल अक्षरांत चूक यायची.

"काय म्हणते?" आई विचारायची. ती दुपारी ढाब्यावरून येऊन भिंतीला पाठ टेकून बसायची.

"ड्रायव्हर नाही भेटून राह्यला."

"हायवेवर लय हायेत."

"थो वाला नाही, आई."

"माहीत हाय मले. जरा हास तरी."

चुका वाचून वाचून मला त्यांची रीत कळत गेली. कर्नलनं एखाद्या फंक्शनचं नाव बदललेलं असायचं आणि ड्रायव्हर जुन्याच नावानं हाका मारत बसायचा. कुठे आता एकाऐवजी दोन गोष्टी हातात द्याव्या लागायच्या आणि ड्रायव्हर एकच घेऊन दारात उभा. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "नवीन चेसिसवर जुनी बॉडी. भोकं जुळत नाहीत. नवीन भोकं पाडा लागते." ते जे म्हणाले त्यापेक्षा नेमकं मला पुस्तकातही सापडलं नाही.

ती नवीन भोकं कोणीतरी पाडूनही ठेवली होती. इंटरनेटच्या एका कोपऱ्यात एका अनोळखी माणसानं दर नव्या कर्नलसाठी दुरुस्तीच्या छोट्या फायली टाकल्या होत्या. त्यांना पॅच म्हणतात, दप्तरावरच्या कमळासारखे. त्याचं गाव मला माहीत नाही. तिथे तेव्हा सकाळ होती की थंडी पडली होती, तेही नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर तो कायम हायवेच्या कडेला एका सावलीत बसलेला असायचा, समोर जुने सुटे भाग मांडून, कोणी थांबलं तर देऊ म्हणून. त्याच्या फायली माझ्या कर्नलच्या एक पाऊल मागे होत्या. शेवटचं पाऊल मला टाकावं लागलं. दोन ठिकाणी नावं बदलली, एका ठिकाणी तीन ओळी लिहिल्या. त्या तीन ओळींना मला आठ दुपारी लागल्या. माझ्या पदवीत जर काही असेल तर त्या तीन ओळी आहेत.

ड्रायव्हर बांधला गेला. मशीन पुन्हा सुरू केलं तर पडदा काळा. नंतर कळलं, लोकांनी लिहिलेला ड्रायव्हरही सुरू होत होता आणि कंपनीचाही. एका स्टेअरिंगवर दोघं बसले होते. एकाला खाली उतरवलं. पुन्हा सुरू केलं. पंखा फिरला, पडदा एकदा मिटला आणि उघडला. सगळं स्वच्छ, मोठं, खिडकी पुसल्यासारखं. पडद्यावरची चौकट पकडून फिरवली तर ती हाताबरोबर फिरत होती.

बाबांना हाक मारली. ते पॅन्टला हात पुसत आले, बसले. एकच रेघ ओढली. मानेची. रेघ पेनाच्या टोकालाच होती, बरोबर चालणाऱ्या माणसासारखी. हात थरथरत होता आणि पडद्यावर मान सरळ, पाण्यासारखी वळत मागे आली.

बाबा पडद्याजवळ वाकले. पेन धरून ती रेघ पाहत राहिले. बाहेर कोणीतरी टायरवर घण मारत होतं, तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. मग ते म्हणाले, "उद्या खंडेनवमी हाय. हे काढ आतून. पूजेत ठेवू."

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात. बाबांचे ब्रश, पत्रा खरवडायची सुरी, सूत मारायची दोरी, आईचं लाटणं. ज्यावर घर चालतं ते सगळं. काम बंद पडल्यानंतरही ब्रश दरवर्षी पाटावर यायचे. मी कार्ड काढून पाटावर ठेवलं, ब्रशांच्या शेजारी, आणि झेंडू आणायला बाजारात गेले. आले तोवर आईनं पूजा मांडली होती. पंख्यावर फूल, कार्डाला हळदीकुंकू. छान दिसत होतं, खरंच. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मी ते कोरड्या फडक्यानं पुसून परत खाचेत बसवलं. त्याआधी सकाळीच, कार्ड बाहेर असताना, मी सगळं लिनक्स अपडेट करून घेतलं होतं. नवीन कर्नल आला होता.

पडदा आला नाही. सिग्नल नाही.

केबल कार्डावरून काढून मदरबोर्डच्या जुन्या तोंडाला लावली, तेव्हा साधा पडदा आला. मला लगेच कळलं, म्हणजे मला वाटलं की कळलं. कर्नल बदलला, पॅच मागे पडला. मी बाही सारून बसले.

आई म्हणाली, "त्याले कुंकू लावलं होतं. नीट पुसलं ना वं?"

"पुसलं, आई."

"नाही, मी त्या सोन्याच्या दातांवरबी लावलं होतं. तथीच तं लावाव वाटलं मले. सोनं दिसलं."

"आई, हा कर्नलचा प्रश्न हाय. तुले नाही समजणार."

हे वाक्य मी बोलले. लिहून ठेवते, कारण पुढचे नऊ दिवस त्या वाक्यामुळे गेले.

नऊ दुपारी मी ओळी वर सरकताना पाहिल्या. नव्या कर्नलसाठी पॅच पुन्हा जुळवला. जुन्या कर्नलवर परत गेले, तिथेही नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं. जुन्या कर्नलवर कार्ड आधी चाललं होतं, मग आता का नाही, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. पण मी शिकलेली होते, आणि शिकलेल्या माणसाला अवघड कारणाची ओढ असते. मी ड्रायव्हर पाचदा काढला, पाचदा बांधला. प्रत्येक वेळी चूक न येता बांधला जायचा आणि पडदा काळाच. बाबा रोज दुपारी येऊन दारात उभे राहायचे, पडद्याकडे पाहायचे, जायचे. चौथ्या दिवसापासून तेही बंद झालं.

बॉडीच्या कारखान्यातून निरोप आला, गाडीला प्रायमर लागला. मग म्हातारे स्वतः आले. दारातूनच म्हणाले, "काय म्हणते मोर?"

बाबा म्हणाले, "पोरीले इचार."

मी म्हटलं, "काका, चार दिवस द्या."

"चारच वं, बाप्पा. रेडियमवाला रोज चहा पाजून राह्यला मले."

ते गेल्यावर मी मशीनचं झाकण उघडलं, कार्ड काढलं आणि ते हातात घेऊन उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "बाबा, त्यांले नाही म्हणून सांगा. हे मेलं वाटते."

बाबांनी कार्ड घेतलं. रंगारी माणूस कुठलीही वस्तू पाहतो तशी पाहिली, उजेडाकडे तिरपी धरून. दुपारचं ऊन त्या सोनेरी पट्टीवरून घसरलं आणि मला पहिल्यांदा दिसलं. दातांच्या मधल्या फटींत बारीक पिवळी रेघ वाळून बसली होती. एका टोकाला लालसर. कोरड्या फडक्यानं वरचं गेलं होतं, आतलं नाही.

"हे पिवळं कंपनीचं हाय का?" बाबांनी विचारलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदरानं बोटं पुसली, हळद अजून लागलेली असल्यासारखी. 

"खोडरबर आन," बाबा म्हणाले.

मी आणलं. मी पुढे हात केला तर त्यांनी दिला नाही. त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं, डाव्या हातानं दाबून धरलं आणि उजव्या हातातलं रबर पट्टीवर टेकवलं. हात आपोआप हलत होता. पुढे मागे, पुढे मागे, बारीक, सारखा. त्यांना काही करावंच लागत नव्हतं. ते फक्त रबर एका दातावरून दुसऱ्यावर नेत होते. पिवळी पूड पॅन्टवर पडत होती.

"रेघ ओढाले नाही जमत," ते म्हणाले, "खोडाले बरा हाय हात."

आई हसली. मग मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

मऊ ब्रशनं, त्यांच्याच डब्यातल्या सगळ्यात बारीक ब्रशनं, फटी झाडल्या. कार्ड बसवलं. सुरू केल्यावर मी सगळ्यात आधी ती आज्ञा दिली, जी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. मशीनमध्ये काय काय जोडलेलं आहे त्याची यादी. कार्ड यादीत होतं. नऊ दिवस ते यादीतच नसणार. मी नऊ दिवस ड्रायव्हर बांधत होते आणि त्याला बोलायला समोर कोणी नव्हतंच. केबल कार्डाला लावली. पडदा एकदा मिटला आणि उघडला, खिडकी पुसल्यासारखा. नव्या कर्नलवर. माझे पॅच पहिल्याच दिवशी बरोबर होते, एवढं मात्र सांगते.

मी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "तू सांगतलं होतं."

"पुढच्या वर्षी मशीनच्या वरच्या डब्याले लावीन कुंकू," ती म्हणाली. "जाय, बाबाले बसव."

मोराला तीन दुपारी लागल्या.  पिसारा काढताना बाबांच्या तोंडातून बारीक शीळ निघायची, तीच जी मी लहानपणी ट्रकच्या पलीकडून ऐकायची, जेव्हा मला फक्त त्यांचे पाय दिसायचे. पडद्याचा उजेड त्यांच्या चष्म्यात पडला होता आणि त्यात निळा, हिरवा हलत होता. मला वाटत होतं की मी बाजेवर आहे, ऊन आहे, कापसाचा पुंजका हवेत अडकलाय, आणि गेलेले सगळे मोर सावकाश वळून परत येताहेत.

डोळा त्यांनी शेवटी काढला. एक ठिपका, त्यात पांढरा कण. मागे पाहणारा.

चित्र डाल्याच्या मापाचं मोठं छापून घ्यायला मी फ्लेक्सच्या दुकानात गेले, त्याच रेडियमवाल्याच्या. त्यानं पडद्यावर मोर पाहिला आणि म्हणाला, "हे पेंटरनं काढलं? त्या हातानं?" मी म्हटलं, "त्याच हातानं." त्यानं कागदाचे तुकडे नीट जोडून दिले, वर कोणी सांगितलं नव्हतं तरी कडा कापून दिल्या.

मग जुनी रीत. आईनं आणि मी कागदावरच्या प्रत्येक रेघेला सुईनं भोकं पाडली. कागद डाल्यावर ताणून लावला आणि कापडात खडूची पूड बांधून त्यावर आपटली. कागद काढला तर काळ्या डाल्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा मोर उभा होता, धुक्यातून आल्यासारखा. रुंद ब्रशनं रंग बाबांनी भरले. बाहेरची बारीक रेघ मी ओढली, ते शेजारी उभं राहून सांगत होते, "श्वास सोडू नको. वळणावर सोड." माझी रेघ त्यांच्यासारखी नाही. मानेजवळ थोडी जाड झाली आहे. बाबा म्हणाले, राहू दे.

म्हातारे गाडी घ्यायला आले तेव्हा आधी मागे गेले.  मग मोराकडे पाहूनच म्हणाले, "पाह्यलं का मले, मालक?" आणि पुढे जाऊन गाडीत चढले. गाडी हायवेला लागली. आम्ही तिघं गॅरेजसमोर उभे होतो. मोर लहान होत गेला, मान आमच्याकडे.

बाबांनी त्यानंतर आणखी चार मोर आणि एक घोडा काढलाय. कर्नल बदलला की मी पॅच जुळवते, आणि त्या अनोळखी माणसाच्या शेजारी माझ्याही दुरुस्त्या ठेवते. आज आमच्या खोलीत ते जुनं कार्ड ताज्या लिनक्सवर चालतं, आणि माझे बाबा पुन्हा पेंटर आहेत.